परदेशात मुलांचा अभ्यासक्रम निवडताना आधी परतीचं वर्ष धरा

गेल्या महिन्यात आष्ट्याचा भाचा हळद शिजवायच्या गडबडीतनं वेळ काढून आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला आला. कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. दोह्यातल्या एका कंपनीची ऑफर आलीय, करार तीन वर्षांचा, पुढं वाढण्यासारखा. मुलगी चौथीत. चहा व्हायच्या आत त्यानं टेबलावर चार शाळांची माहितीपत्रकं पसरली. गुळगुळीत कागद, प्रत्येकावर पोहण्याचा तलाव आणि हसणारी मुलं.

"मावशी, तू दोन देश बघून आलीयस. सांग, आयबी चांगलं का केंब्रिज?"

मी म्हटलं, "सांगली स्टँडवर उभं राहून 'कुठली एसटी चांगली?' असं विचारतोयस तू. जायचंय कुठं, ते आधी सांग."

आयबी आणि केंब्रिज हे देशोदेशी चालणारे शालेय अभ्यासक्रम, त्यांचा तपशील पुढं येतोच. त्या दिवशी त्याला जे दोन तास सांगितलं, तेच इथं जरा नीट लावून लिहितेय. आम्ही नऊ वर्षं बाहेर होतो, आधी मस्कत, मग सिंगापूर. मस्कतला मुलं सीबीएसईत होती, सिंगापुरात केंब्रिजमध्ये. बरेच निर्णय बरे निघाले. एक मात्र फार महागात गेला, आणि तो शाळेमुळं नव्हे, आमच्या गाफीलपणामुळं.

वहीत दोन रकाने आखा

माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि साधी वही घ्या. डाव्या रकान्यात वर्षं लिहा, उजव्या रकान्यात त्या वर्षी मूल कितवीत असेल ते. मग करार कधी संपतो तिथं एक रेघ मारा आणि करार एकदा वाढला तर कधी संपेल तिथं दुसरी. भाच्याच्या वहीत पहिली रेघ सातवीनंतर आली. दुसरी आली दहावीनंतर. तिथं त्याचं पेन थांबलं, आणि खरा विचार तिथनंच सुरू झाला.

पाचवीच्या आत परत येणार असाल तर फार डोकं लावू नका. घराजवळची, शिक्षक टिकून राहणारी आणि परवडणारी शाळा घ्या. त्या वयात मूल कुठल्याही अभ्यासक्रमातनं कुठल्याही अभ्यासक्रमात चार-सहा महिन्यांत रुळतं. मागं राहिलं तर एकच गोष्ट राहते, मराठी. तिच्याबद्दल शेवटी.

सहावी ते आठवी हा मधला पट्टा. इथं बदल झेपतो, पण गणित आणि विज्ञानात खड्डे पडतात. आपल्याकडे जो धडा सहावीत होतो तो तिकडे आठवीत असतो, आणि उलटंही. परतायच्या आधीच्या उन्हाळ्यात इथल्या पुढच्या इयत्तेची गणिताची पुस्तकं मागवून सोडवून घ्या, तेवढ्यानं भागतं.

नववी ते बारावीला मात्र दोन-दोन वर्षांच्या जोड्या असतात. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे तिकडची नववी-दहावी, दोन वर्षांची. आयबीचा डिप्लोमा, म्हणजे तिकडची अकरावी-बारावी, दोन वर्षांचा, केंब्रिजची ए लेव्हलही तशीच. सीबीएसईतही नववी-दहावी एकत्र धरतात. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश वडिलांच्या बदलीसारख्या कारणांवर आणि कागदपत्रं दाखवूनच मिळतो. जोडी मधेच तोडली की मुलाचं वर्ष जातं. म्हणून बदली करायची तर आठवीनंतर नाहीतर दहावीनंतर, हे कंपनीच्या एचआरलाही सांगून ठेवा. त्यांना सांगितल्याशिवाय ते कळत नाही.

दहावी कुठं केली, हे मिरजेत विचारतात

आता आमचा महागात गेलेला निर्णय. मुलीनं सिंगापुरात आयजीसीएसई केली, मार्क उत्तम. मग आम्ही परत आलो आणि तिनं अकरावी-बारावी सांगलीत केली, कारण तिला डॉक्टर व्हायचं होतं. नीटला मार्कही बरे पडले. राज्याच्या कोट्यातल्या प्रवेशाची माहितीपुस्तिका तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचली. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातनं पास झालेली लागतात. काही अपवाद आहेत, ते मुख्यतः सरकारी आणि संरक्षण दलातल्या नोकरदारांच्या मुलांसाठी. आम्ही खासगी कंपनीतले.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय. ती त्या १५ टक्क्यांच्या रांगेत उभी राहिली आणि थोडक्यात राहिली. आज ती बायोटेक्नॉलॉजी शिकतेय आणि आनंदात आहे. पण तो जुलै आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत.

इथं बोर्ड कुठलं हा मुद्दाच नव्हता. सिंगापुरातल्या सीबीएसई शाळेतनं दहावी केली असती तरी उत्तर तेच आलं असतं. शाळा कुठल्या राज्यात आहे, तेवढंच बघतात. तेव्हा मुलाच्या तोंडी आत्ताच डॉक्टरकीची भाषा असेल, तर आठवी संपता संपता महाराष्ट्रात परत यायचं हे गणित आधी मांडा आणि मग शाळा शोधा.

अभियांत्रिकीत नियम बरेच सैल आहेत. राज्याच्या प्रवेशात आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्राच्या डोमिसाईलवरही उमेदवार धरला जातो. म्हणून आपलं स्वतःचं डोमिसाईल जायच्या आधीच सेतू केंद्रातनं काढून ठेवा. नऊ वर्षं बाहेर राहून आल्यावर रहिवासाचे पुरावे गोळा करताना घाम फुटतो. एनआयटी आणि तशा केंद्रीय संस्थांसाठी 'दासा' नावाची योजना आहे, परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी. आखाती देशांत काम करणाऱ्यांच्या मुलांना तिच्यातच 'सीआयडब्ल्यूजी' हा वेगळा गट आहे आणि त्यांना फी देशातल्या मुलांच्या बरोबरीनं लागते. पण या दारानं जायचं तर अकरावी-बारावी परदेशात झालेली हवी. म्हणजे डॉक्टरकीला जे मारक, ते इथं तारक. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवता येत नाहीत, हे नवरा-बायकोनं एकदा बसून बोलून घ्यावं.

'इयर सेव्हन' म्हणजे सातवी नव्हे

हे थोडक्यात, पण फसगत इथंच होते. ब्रिटिश पद्धतीत 'इयर वन' पाचव्या वर्षी सुरू होतं, आपली पहिली सहाव्या. त्यामुळं तिकडचं इयर सेव्हन म्हणजे आपली सहावी. अमेरिकी पद्धतीतलं 'ग्रेड' मात्र साधारण आपल्या इयत्तेशी जुळतं. आमच्या ओळखीत एका बाईंनी मुलाला हट्टानं 'सातवीतच' घाला म्हणून इयर सेव्हनमध्ये घातलं. परत आल्यावर इथल्या शाळेनं त्याला सातवीतच बसवलं, आणि एक वर्ष कुठं गेलं ते घरात कुणालाच कळेना.

शाळा कधी सुरू होते, हेही बघा. आखातातल्या भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात, ब्रिटिश-अमेरिकी शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियातल्या जानेवारीच्या शेवटी. आपल्या जूनशी कुणाचंच जमत नाही.

आता अभ्यासक्रम एकेक करून

सीबीएसई. परदेशात सीबीएसईच्या दोनशेहून जास्त शाळा आहेत, बहुतेक आखातात. परत यायचं नक्की असेल, कंपनी फी देत नसेल आणि जेईई-नीटची वाट धरायची असेल तर हा सगळ्यात सरळ रस्ता. पुस्तकं एनसीईआरटीची, बदली झाली तर सांगलीतल्या सीबीएसई शाळेत मूल दुसऱ्या दिवशी त्याच धड्यावर बसू शकतं. तोटा असा की बऱ्याच ठिकाणी वर्गात गर्दी असते. मस्कतला माझ्या मुलाच्या वर्गात बाकांमधनं बाईंना आडवं होऊन जावं लागायचं. आणि घर-शाळा-शिकवणी या त्रिकोणात मूल परदेशात राहूनही परदेश बघत नाही. माझं मत विचाराल तर तीन-चार वर्षांसाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या दहांतल्या सात कुटुंबांनी डोळे झाकून हाच घ्यावा. नातेवाइकांत सांगायला तो तितका भारी वाटत नाही, एवढीच त्याची अडचण.

केंब्रिज. प्रायमरी, लोअर सेकंडरी, मग नववी-दहावीच्या वयात आयजीसीएसई आणि अकरावी-बारावीच्या वयात एएस व ए लेव्हल, अशी उतरंड. आयजीसीएसई १९८८ पासून चालू आहे आणि जगभर चालते, म्हणून ज्यांची बदली देशादेशांत होत राहते त्यांना ही सोयीची. विषय निवडायला मोकळीक असते, आणि मोकळीक असते तिथंच चुका होतात.

पहिली चूक गणितात. आयजीसीएसई गणिताला दोन पातळ्या असतात, कोअर आणि एक्स्टेंडेड. कोअरला बसलेल्या मुलानं पेपर कितीही सुंदर लिहिला तरी सी ग्रेडच्या वर जाता येत नाही. शाळा पालकांना हे फार ओरडून सांगत नाहीत. आमच्या मुलीला नववीच्या सुरुवातीला कोअरच्या वर्गात टाकलं होतं, 'आत्मविश्वास वाढावा' म्हणून. मला कळलं ते पालकसभेत, तेही तिच्या वहीच्या कव्हरवरचा शब्द वाचून. दुसऱ्या दिवशी जाऊन बसले, चाचणी घ्यायला लावली, ती एक्स्टेंडेडला गेली. दुसरी चूक विज्ञानात. डॉक्टर-इंजिनिअरची वाट असेल तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र वेगवेगळे घ्या, नाहीतर दोन विषयांइतकं वजन असलेलं को-ऑर्डिनेटेड सायन्स घ्या. एकाच विषयाच्या वजनाचं कम्बाइन्ड सायन्स पुढं अपुरं पडतं. आणि तिसरं, एएस लेव्हलवर थांबू नका. ती अर्धी वाट. ए लेव्हल पूर्ण करायचीच असं धरून चाला.

निकालाची तारीखही वहीत लिहा. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो. इकडे अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालाय, सांगलीतही. बाहेरच्या बोर्डाची ग्रेड, तिचे मार्क, समकक्षता म्हणजे तो निकाल आपल्या दहावीच्या बरोबरीचा असल्याचा कागद, हे सगळं फेऱ्या चालू असताना जमवायचं असतं. शाळेकडून अपेक्षित ग्रेडचं पत्र आधी घेऊन ठेवा आणि कॉलेजात मे महिन्यातच जाऊन भेटा.

आयबी. १९६८ साली जिनिव्हात हे सुरू झालं, आणि मुळात आपल्यासारख्यांसाठीच, म्हणजे आईबापांच्या नोकरीमागं देशोदेशी फिरणाऱ्या मुलांसाठी. लहानांना पीवायपी, मधल्यांना एमवायपी, शेवटच्या दोन वर्षांना डिप्लोमा. डिप्लोमाला सहा विषय, त्यांतले साधारण तीन हायर लेव्हलचे आणि तीन स्टँडर्डचे. प्रत्येकाला ७ पैकी गुण, म्हणजे ४२. शिवाय थिअरी ऑफ नॉलेज आणि ४००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे यांचे मिळून जास्तीत जास्त ३. एकूण ४५, आणि डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात. खेळ-कला-समाजकार्याचा सीएएस नावाचा भाग गुणांशिवाय असतो, पण पुरा करावाच लागतो.

मला आयबी मनापासून आवडतं. मूल प्रश्न विचारायला शिकतं, लिहायला शिकतं, 'हे असंच का' म्हणून भांडायला शिकतं. अमेरिका, युरोप, सिंगापूर इथल्या विद्यापीठांत जायचं पक्कं असेल आणि फी कंपनी भरणार असेल तर जरूर घ्या. पण आपल्याकडच्या मेडिकलला नडतं. सहा विषय सहा गटांतनं घ्यायचे असतात; कला गटाच्या जागी दुसरं शास्त्र घेता येतं, म्हणजे सरळ मार्गानं शास्त्रं दोनच होतात. नीटला भौतिक, रसायन, जीव तिन्ही लागतात. त्यासाठी 'नॉन-रेग्युलर डिप्लोमा' अशी परवानगी असते, विद्यापीठाच्या प्रवेशाचं कारण दाखवून शाळेच्या समन्वयकानं ती आयबीकडून आधी मिळवायची असते. डिप्लोमा सुरू होण्यापूर्वी हे लेखी घ्या. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनी गणितात 'ॲनालिसिस अँड अप्रोचेस' हायर लेव्हलला घ्यावं. 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन' नावानं सोपं वाटतं म्हणून तिकडं वळू नये. परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्यामुळं इथल्या प्रवेशाशी केंब्रिजपेक्षा थोडं बरं जुळतं.

अमेरिकी. यात संपूर्ण देशाचा एक अभ्यासक्रम नाही, शाळा ठरवते. म्हणून शाळेला कुणाची मान्यता आहे ते बघायचं. कॉग्निया, डब्ल्यूएएससी ही त्यांतली नावं. पुढं अमेरिकेतच जायचं असेल तर ठीक. भारतात परतायची शक्यता असेल तर नुसत्या हायस्कूल डिप्लोमावर विसंबू नका, सोबत गणित-विज्ञानाचे एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय असू देत.

तिथलीच सरकारी शाळा. जर्मनीसारख्या देशात ती मोफत आहे आणि चांगली आहे. पाच-सहा वर्षांचं मूल वर्षभरात भाषा उचलतं. बारा वर्षांचं तितकं सहज उचलत नाही, आणि जर्मनीत बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा फुटतात, तेही ध्यानात ठेवा. अशा शाळेला आपली माणसं उगाच बिचकतात. आपल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. त्यांची मुलं तमिळ, तेलुगू, बंगाली शाळांत शिकली आणि दिवाळीला गावी येऊन खणखणीत मराठी बोलतात. परक्या भाषेतली शाळा आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

परतल्यावर इथं काय मिळेल

सांगली-मिरजेत स्टेट बोर्ड आणि सीबीएसईच्या शाळा पुरेशा आहेत. केंब्रिज किंवा आयबी पुढं चालू ठेवायची तर पर्याय मोजके. मग पांचगणीचं बोर्डिंग, कोल्हापूर, नाहीतर पुणे-मुंबई. पांचगणीची गंमत अशी की तिथल्या जुन्या शाळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाल्या त्याही घरापासून दूर नोकरी करणाऱ्या युरोपियनांच्या मुलांसाठीच. पण बारा-तेरा वर्षं परदेशात आईबापांजवळ वाढलेलं मूल भारतात आणल्या आणल्या वसतिगृहात टाकायचं का, हा प्रश्न फीपेक्षा मोठा आहे.

परदेशी बोर्डाचा कागद इथं चालायला समकक्षता लागते. हे काम वर्षानुवर्षं असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू करत आली. २०२५ मध्ये यूजीसीनं परदेशी पात्रतांच्या समकक्षतेसाठी नवे नियम काढले, त्यात बारा वर्षांचं नियमित शालेय शिक्षण ही अट आहे. आयजीसीएसईला किमान पाच विषयांत सी किंवा वरची ग्रेड हवी असं धरून चाला, त्यात इंग्रजी असू दे.

पैसे: ऑफर लेटर वाचा, शाळेचं पत्रक नंतर

'एज्युकेशन अलाउन्स' हा शब्द दिसला की माणसं खूश होतात. विचारा: किती मुलांसाठी? कितवीपर्यंत? नुसती ट्यूशन फी का बस, गणवेश, टॅब, परीक्षा फीसुद्धा? नाव नोंदवायची फी आणि एकरकमी बिल्डिंग फंड कोण भरणार? आणि नोकरी मधेच गेली तर चालू सत्राचं काय? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते. विचारा. आमच्या शेजारच्या कुटुंबाची नोकरी फेब्रुवारीत गेली, मुलगा ए लेव्हलच्या शेवटच्या वर्षाला, आणि परीक्षेची फी धरून सगळं खिशातनं भरावं लागलं. केंब्रिज आणि आयबीच्या बोर्ड परीक्षेची फी विषयागणिक असते आणि ती शाळेच्या फीत धरलेली असेलच असं नाही.

कंपनी फी देत नसेल तर सरळ हिशोब करा: पगार वजा घरभाडं वजा शाळा. यानंतर जे उरतं ते सांगलीतल्या पगारापेक्षा फारसं जास्त नसेल, तर नुसत्या शाळेच्या नावाखातर महागडा अभ्यासक्रम घेऊ नका.

शाळा बघायला गेल्यावर

प्रत्यक्ष जाता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बघा, पण बघाच. तलाव दाखवतील, तो बघून घ्या आणि मग पुढचं विचारा.

मान्यता आत्ता आहे का 'मिळणार आहे'? आयबीत 'कॅन्डिडेट स्कूल' म्हणजे अर्ज केलेली शाळा. मान्यता मिळालेली ती 'वर्ल्ड स्कूल'. दोन्ही फलकांवर आयबी हीच अक्षरं मोठी असतात. आयबी, केंब्रिज आणि सीबीएसई तिघांच्याही संकेतस्थळांवर शाळेचं नाव शोधता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. दुबईला जाणार असाल तर तिथली केएचडीए ही सरकारी यंत्रणा खासगी शाळांची तपासणी करून 'आउटस्टँडिंग' ते 'व्हेरी वीक' असे शेरे जाहीर करत आलीय. ते अहवाल सविस्तर असतात, वाचा.

गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? बारावी झालेली मुलं कुठं गेली, आणि त्यांतली भारतात किती? मला कुठल्याही इयत्तेची एका मुलाची गणिताची वही बघायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर शाळा ओळखू येते. सिंगापुरातल्या एका शाळेनं मला लगेच तीन वह्या काढून दिल्या. त्यांत बाईंनी लाल पेनानं नुसती चूक न दाखवता 'ही पायरी का गाळलीस?' असं लिहिलं होतं. आम्ही तीच शाळा घेतली.

झेडपीच्या चकरा आणि आडनावाची भानगड

कागदांचं काम सहा आठवडे आधी सुरू करा. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रत मागून घ्या. त्यावर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, या क्रमानं कागद वर जातो. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मानणाऱ्या देशांत. त्यामुळं त्या करारातल्या देशांसाठी, म्हणजे ओमान, सिंगापूर वगैरे, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे तो शिक्का, पुरतो. यूएई, कतार, कुवेत त्या करारात नाहीत. तिथं जायचं तर मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. जन्मदाखल्याचंही तसंच. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाची नोंद बरोबर ठेवा. मुलाचा सरल आणि युडायसचा, म्हणजे सरकारी शालेय नोंदीतला, नंबर वहीत उतरवून घ्या. परत आल्यावर इथली शाळा तोच विचारते.

आता नाव. आपल्या दाखल्यावर आडनाव पहिलं, मग मुलाचं, मग वडिलांचं. परदेशी शाळेचा कारकून पहिला शब्द दिसला की तेच नाव समजतो. आमची मुलगी पहिले दोन महिने हजेरीपटावर आडनावानंच होती. आणि वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे पण दाखल्यात स्पेलिंग वेगळं, असं निघालं तर दुरुस्ती मूल शाळेच्या पटावर असतानाच करून घ्या. एकदा दाखला हातात पडला की जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती जिकिरीची होते.

परततानाही हेच उलट्या दिशेनं. तिथला टीसी तिथल्या शिक्षण खात्याकडून आणि आपल्या दूतावासाकडून साक्षांकित करून आणा.

आणि 'ळ'

मुलगा सहावीत असताना आम्ही परतलो. सिंगापुरात त्यानं शाळेत हिंदी घेतलं होतं. देवनागरी येते म्हणून आम्ही निर्धास्त. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी निबंध लिहायला दिला, विषय 'माझी आजी'. त्यानं लिहिलं, 'आजीने सकाली केली खाल्ली आणि मग ती वालव्याला गेली.' हिंदी शिकलेल्या पोराच्या हातातनं ळ पार गळून गेला होता. आजीनं ती वही शेजारणीला, भाजीवालीला, डॉक्टरांना, सगळ्यांना दाखवली.

हसण्यावारी नेलं तरी काम गंभीर होतं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झालीय, त्यामुळं परतल्यावर सीबीएसईतही ती आहेच. बाहेर असताना रोज पंधरा मिनिटं पुरतात. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. मुलाच्या वयापेक्षा दोन इयत्ता खालचं पुस्तक घ्या, म्हणजे रडारड होत नाही. वाचन आठवड्यातनं चार दिवस, शुद्धलेखन दोन दिवस, आणि रविवारी आजीला हातानं पत्र, फोटो काढून पाठवायचं. जिथं महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असेल तिथं घाला. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अशा शाळा चालतात. डिप्लोमाच्या वयाचं मूल असेल तर आयबीत शिक्षक नसलेल्या मातृभाषेचं साहित्य स्वयंअध्ययनानं, स्टँडर्ड लेव्हलला घ्यायची सोय असते. मराठीसाठी समन्वयकाला वर्षभर आधी विचारा.

भाच्यानं काय ठरवलं? दोह्यात सीबीएसई, एप्रिलपासून पाचवी. करार वाढला तरी मुलगी आणि तिची आई आठवी संपताच परत येणार, हे त्यानं वहीत लिहून खाली दोघांच्या सह्या केल्या. माहितीपत्रकं माझ्याकडेच टाकून गेला. कागद जाड आहे, मुलाच्या वह्यांना कव्हर घालायला ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन.

"मावशी, दाखल्याच्या इंग्रजी प्रतीत तिच्या नावात एक एच जास्त पडलाय. पासपोर्टवर नाही."

"मूळ दाखला घेतलास का अजून?"

"नाही, उद्या देणार म्हणालेत."

"मग आजच हेडमास्तरांना गाठ आणि जनरल रजिस्टर उघडायला लाव. पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जा, दोन प्रती."

मागनं हळदीच्या कुकरचा आवाज येत होता. "अकराला निघतो," म्हणाला.